एकाच शब्दात दोन लिप्या

एका वाचक आईचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

‘माझी मुलगी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी शाळेत दुसरीत शिकते. माझे माहेर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातले असल्यामुळे मला कन्नड बोलता येत नाही आणि वाचता तर मुळीच येत नाही. यजमानांना बाजारापुरते कन्नड येते. दसऱ्याच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाल्यापासून मुलगी वाचताना फार अडखळू लागली आहे. कन्नडचा धडा ती मराठीसारखा वाचते आणि मराठी लिहिताना मध्येच कन्नड अक्षर घालते. तिच्या वहीचे एक पान सोबत पाठवत आहे. त्यावर तिने ‘घर’ हा शब्द अर्धा मराठीत आणि अर्धा कन्नडमध्ये लिहिला आहे. शाळेतून सांगण्यात आले की घरी मराठी कमी करा आणि कन्नड बोलायला लागा. दिरांचे म्हणणे आहे की जूनमध्ये तिला इंग्रजी माध्यमात घालावे, म्हणजे दोन्ही कटकटी मिटतील. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर दोन-दोन भाषांचे ओझे कशाला? आम्ही काय करावे?’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचण्याआधी मी वहीचे ते पान पाहिले. ‘घ’ अगदी नीट काढला आहे, त्यावरची शिरोरेघ सरळ आहे, आणि ती रेघ जिथे संपते तिथे, तिला चिकटून, कन्नडचा गोल ‘र’ आहे, डोक्यावरच्या लहानशा तुऱ्यासकट. प्राथमिक शाळेत तीस वर्षे शिकवताना अशी पाने मी पुष्कळ पाहिली आणि सुरुवातीची काही वर्षे ती पाहून मीही तुमच्यासारखीच घाबरत असे. आता त्या पानाकडे पाहताना मला दिसते ते असे की तुमच्या मुलीने ‘र’च्या जागी भलतेच अक्षर घातलेले नाही. तिला ‘घर’ या शब्दातले दोन्ही उच्चार बरोबर ऐकू आले, त्यांचा क्रम बरोबर लागला, आणि दुसऱ्या उच्चारासाठी तिच्या हाताला जे चिन्ह आधी सापडले ते तिने लिहिले. मराठीचा ‘र’ आणि कन्नडचा गोल ‘र’ हे एकाच आवाजाचे दोन आकार आहेत, ही गोष्ट तिला कळलेली आहे. कोणता आकार कोणत्या वहीत वापरायचा, एवढेच अजून पक्के झालेले नाही, आणि ते सवयीने पक्के होते.

हे लवकर पक्के होण्यासाठी तिच्यापुढचे काम नेमके किती मोठे आहे ते आधी समजून घ्यायला हवे. इंग्रजीत मुळाक्षरे 26 आहेत. आपल्याकडे ‘क’पासून ‘ळ’पर्यंतच्या 34 व्यंजनांची बाराखडी मांडली तर 400 हून अधिक आकार होतात आणि त्यात जोडाक्षरे अजून आलेली नसतात. कन्नडमध्येही व्यंजने 34 च आहेत, बाराखडीला तिथे ‘कागुणित’ म्हणतात आणि तिचा पसाराही एवढाच आहे. कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या सोनाली नाग यांनी 2007 साली हे दाखवून दिले की ही सगळी अक्षरे मुलांच्या अंगवळणी पडायला पहिली-दुसरीच्या पुढेही काही वर्षे जातात. तेव्हा दुसरीतल्या, घरी मराठी बोलणाऱ्या मुलीने दोन्ही लिप्यांत दसऱ्यानंतर अडखळणे यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. बहुतेक शाळांत याच सुमारास साधी अक्षरे संपून काना-मात्रा आणि जोडाक्षरे अंगावर येतात, आणि आपल्या भागातल्या मुलांवर ती दोन्ही बाजूंनी येतात.

सासूबाईंच्या शंकेचे उत्तर यातच आहे, कारण ही दोन ओझी एकमेकांवर रचलेली नाहीत. मराठीची देवनागरी आणि कन्नड लिपी या दोन्ही ब्राह्मी लिपीतून आलेल्या आहेत. क, ख, ग, घ हा क्रम तोच, कंठ्य, तालव्य, मूर्धन्य असे गट तेच, व्यंजनाला स्वराचे चिन्ह जोडायचे ही रीतही तीच. मराठीत ‘क’ला काना दिला की ‘का’ होतो हे ज्या मुलीला खरोखर समजले आहे, तिला कन्नडमध्ये ती कल्पना पुन्हा शिकावी लागत नाही, केवळ चिन्ह नवे असते. एका भाषेत वाचनाची जी समज येते ती दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते, हे कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 साली मांडले आणि पुढे अनेक देशांतल्या शाळांमधून त्याचा पडताळा आला. आपल्या दोन लिप्या तर सख्ख्या बहिणी आहेत. मात्र यात एक अट आहे. जे पहिल्या भाषेत पक्के झालेले असते तेच पुढे उपयोगी पडते. मराठी वाचन अर्धवट असताना कन्नडची घाई केली तर दोन्ही अर्धवट राहतात, आणि माझ्या अनुभवात बिघडते ते बहुतेक वेळा इथेच.

आता या दोन बहिणी जिथे वेगळ्या वागतात त्या जागांविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण तुमची मुलगी ‘कन्नड मराठीसारखे वाचते’ याचे कारण तिथे सापडेल.

नोकरीच्या सुरुवातीच्या एका वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता. मराठी तो चुरूचुरू वाचायचा. कन्नडच्या पुस्तकात एक वाक्य होते, ‘अवनु नन्न मग’, म्हणजे ‘तो माझा मुलगा’. त्याने ‘मग’ हा शब्द आपल्या ‘मग काय झाले?’ मधल्या ‘मग’सारखा वाचला, शेवटचा ‘अ’ गिळून, आणि पुढे काहीतरी येणार म्हणून माझ्याकडे पाहत थांबला. मी म्हटले, चूक. त्याने पुन्हा तसेच वाचले. मी पुन्हा चूक म्हटले आणि त्याच्या पुस्तकात लाल शाईने खूण केली. असे आठवडाभर चालले आणि मग त्याने वर्गात मोठ्याने वाचणेच सोडून दिले, कन्नडही आणि मराठीही. त्या मुलाला मी एकदाही सांगितले नव्हते की मराठीत शब्दाच्या शेवटच्या अक्षरातला ‘अ’ आपण बोलत नाही आणि कन्नडमध्ये तो पूर्ण बोलायचा असतो. तो मराठीचा नियम अचूक पाळत होता आणि मी त्याला त्याचीच शिक्षा करत होते. त्याची खंत मला आजही आहे, आणि म्हणून ही गोष्ट तुम्हाला सविस्तर सांगते आहे.

हा फरक मुलांना शब्दांनी समजावून सांगता येत नाही, पण टाळ्यांनी सहज कळतो. मराठीत ‘करवत’ म्हणताना प्रत्येक तुकड्याला एक टाळी वाजवायला सांगा. कर आणि वत, अशा दोन टाळ्या होतील. करवतीला कन्नडमध्ये ‘गरगस’ म्हणतात. त्यात ग, र, ग, स अशा चार टाळ्या होतात, शेवटच्या ‘स’मधला ‘अ’ स्पष्ट ऐकू येतो. दोन्ही शब्दांत अक्षरे चारच आहेत आणि वस्तूही एकच. त्यानंतर ‘नगर’ घ्या. मराठीत दोन टाळ्या, कन्नडमध्ये तीन. पाच-सहा शब्द असे करून झाले की मुले स्वतःच सांगू लागतात की कन्नड सगळी अक्षरे बोलते. तुम्हाला कन्नड येत नसले तरी हा खेळ तुम्ही नक्की घेऊ शकता.

दुसरी जागा ‘ए’ आणि ‘ओ’ यांची आहे. मराठीत एकच ‘ए’ आणि एकच ‘ओ’ आहे, कन्नडमध्ये दोन्ही ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगवेगळे आहेत, आणि त्यांच्या खुणाही वेगळ्या आहेत. ‘कोडु’ हा शब्द ऱ्हस्व ‘ओ’ने म्हटला तर ‘दे’ असा अर्थ होतो आणि दीर्घ ‘ओ’ने म्हटला तर ‘शिंग’. मराठी कानाला हे दोन्ही सारखेच वाटतात. आपल्या जिल्ह्याचे नावच घ्या. 1 नोव्हेंबर 2014 पासून ‘बेळगावी’ हे जे अधिकृत नाव बसच्या पाटीवर दिसते त्यातला पहिला ‘बे’ कन्नडमध्ये ऱ्हस्व आहे, आपण ‘बेळगाव’ म्हणताना तो लांबवतो. मुलीला बसमधून नेताना यजमानांनी कंडक्टर ते नाव कसे पुकारतो ते ऐकायला सांगावे. कानाला फरक कळला नाही तोवर वहीत त्याची खूण घोटून घेण्यात काही अर्थ नसतो.

तिसरी जागा जोडाक्षरांची. मराठीत पहिले अक्षर अर्धे करून दुसऱ्याला शेजारी चिकटवतो. कन्नडमध्ये पहिले अक्षर पूर्ण राहते आणि दुसरे त्याच्या पायाशी लहान होऊन बसते. त्याला ‘ओत्तक्षर’ म्हणतात. इथे आपल्या भागातल्या मुलांचा मोठा फायदा असा की ओत्तक्षराचे कितीतरी शब्द त्यांच्या घरातलेच आहेत. आपले तूप तिथे ‘तुप्प’ आहे, आपले ताट तिथे ‘तट्टे’, आपली अक्का तिथे ‘अक्क’. माझ्या वर्गात ओत्तक्षराची सुरुवात मी पुढे नेहमी ‘तुप्प’पासून करत असे, कारण जेवणाच्या ताटात जे रोज पडते त्याचे अक्षर विसरले जात नाही.

सारखी दिसणारी अक्षरे दोन्हीकडे आहेत. मराठीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांचा घोळ होतो. कन्नडमध्ये ‘र’च्या पोटात टिंब दिले की ‘ठ’ होतो आणि ‘व’ला शेपूट जोडले की ‘म’. हा घोळ घरी कन्नड बोलणारी मुलेही करतात. त्याचे खापर दोन भाषांवर फोडू नका.

शाळेतून ‘घरी मराठी कमी करा’ असा जो सल्ला मिळाला, तो देणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, पण मी अगदी स्पष्टपणे सांगते की तो पाळू नका. तुम्हाला कन्नड येत नाही. उद्यापासून तुम्ही मोडक्या-तोडक्या कन्नडमध्ये बोलू लागलात तर मुलीला तुमच्याकडून ‘ये, बस, जेव, झोप’ एवढीच भाषा मिळेल. आज तुम्ही तिला आजोळच्या गोष्टी सांगता, भाताची मळणी कशी होते ते सांगता, ती ‘का’ विचारते आणि तुम्ही उत्तर देता. वाचलेले समजायला ज्या शब्दांचा आणि ज्या विचारांचा साठा लागतो तो या बोलण्यातून होतो, आणि मूल कोणत्याही लिपीत वाचू लागले तरी त्याला तोच साठा वापरावा लागतो. युनेस्कोने 1953 सालच्या अहवालात शिक्षणाची सुरुवात मातृभाषेतून व्हावी असे सांगितले, आणि अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी यासाठी आपल्या राज्यघटनेत 1956 साली कलम 350-अ घातले गेले. अशा अल्पसंख्य भाषिकांमध्ये आपली मुले येतात. शाळेत भेटायला जाल तेव्हा भांडणाच्या सुरात न बोलता एवढेच म्हणा की घरी मराठी चालूच राहील, कन्नडसाठी आम्ही आणखी काय करू ते सांगा.

कारण कन्नडसाठी करायला हवेच. 2015 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणे बंधनकारक केले आहे, पण मी ते कायद्यासाठी म्हणत नाही. शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो, तहसीलमधली नोटीस कन्नडमध्ये येते, दवाखान्यातल्या कागदावर कन्नड असते, आणि इथेच नोकरी करायची असेल तर कन्नड लिहिता-वाचता आल्यावाचून चालत नाही. आपल्या मराठी शाळांतून दहावी झालेली कितीतरी मुले मी पाहिली आहेत, ज्यांनी दहा वर्षे फळ्यावरचे कन्नड वहीत सुंदर अक्षरात उतरवले, पण ज्यांना कन्नडमधून साधी चौकशी करता येत नाही. त्यांच्यावर हा अन्याय झाला आहे. सीमाप्रश्नाविषयी तुमच्या घरात जे मत असेल ते असो, मुलीच्या कानावर कन्नडविषयी वाईट शब्द पडू देऊ नका. ज्या भाषेला घरात नावे ठेवली जातात ती भाषा मूल मनापासून शिकत नाही.

तर आता घरी काय करायचे ते सांगते. पुढचे दोन-तीन महिने मराठी वाचन पक्के करण्याला द्या. रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटे तिला शेजारी घेऊन बसा, ओळीखाली तुमचे बोट फिरवत एक लहान गोष्ट तुम्ही वाचा, मग तीच गोष्ट तिला वाचू द्या. अडली तर तीन-चार क्षण थांबा आणि मग शब्द सांगून पुढे चला. प्रत्येक शब्द फोडून घेत बसलात तर गोष्ट हरवते. मराठी पुस्तकातली भाषाही तिच्या घरची नाही, हे लक्षात असू द्या. तुम्ही घरी ‘काय करायलायस’ म्हणत असाल आणि पुस्तकात ‘काय करत आहेस’ असते. त्यात तिची घरची भाषा चुकीची ठरवू नका. ‘आपण असे म्हणतो, पुस्तक असे म्हणते’, एवढे सांगितले की मुलांना पुरते. तिने कधीही न पाहिलेला आठ ओळींचा उतारा ती अक्षर-अक्षर न लावता वाचू लागली आणि त्यात काय होते ते आपल्या शब्दांत सांगू लागली, की मराठीची बैठक तयार झाली असे समजा.

या काळात कन्नड बंद ठेवायचे नाही, ते कानावाटे चालू ठेवायचे. तुमच्या गल्लीत किंवा गावात कन्नड बोलणारे एखादे घर असेलच. तिथल्या अव्वाला, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला, विनंती करा की आठवड्यातून दोन-तीनदा मुलीला ओसरीवर बसवून एखादी गोष्ट सांगा, तिच्याशी कन्नडमध्येच बोला, आणि ती चुकली तरी हसू नका. आपल्याकडची बायकामंडळी अशा कामाला नाही म्हणत नाहीत. अव्वाचे कन्नड आपल्या बाजूचे उत्तर कर्नाटकातले असेल आणि पुस्तकातले थोडे वेगळे असेल, पण त्याची चिंता करू नका, जसे तुमचे मराठी पुण्याच्या मराठीहून वेगळे आहे तसेच ते. यजमानांना बाजारापुरते कन्नड येते, तेही कामाला लावा. बाजाराला जाताना मुलीला सोबत न्यावे आणि चार वस्तूंचे भाव तिला विचारू द्यावेत. तुमच्या सासूबाईंच्या पिढीतल्या बायका खानापूरच्या बाजारात दोन्ही भाषांत घासाघीस करताना मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना कोणी ते ओझे आहे असे सांगितले नव्हते. सासूबाईंना येत असतील ते कन्नड शब्द त्यांनाच शिकवू द्या. त्यांचा विरोधही त्याने मावळेल.

शाळेत कन्नडचे लेखन चालू राहणारच. त्यासाठी घरी एवढे पाहा की दोन्ही भाषांचा अभ्यास एका बैठकीत होऊ नये. सकाळी कन्नड आणि संध्याकाळी मराठी, किंवा एक ओसरीत आणि एक स्वयंपाकघरात, असे काही ठरवा, आणि वह्यांना वेगवेगळ्या रंगांची कव्हरे घाला. मोठ्या माणसांना हे क्षुल्लक वाटते, पण कोणती लिपी काढायची याची आठवण मुलांना जागा आणि रंग करून देतात. ‘घर’ शब्दातल्या दोन लिप्या वेगळ्या होण्यासाठी एवढे बऱ्याच वेळा पुरेसे होते.

कन्नड वाचनाकडे वळाल तेव्हा संपूर्ण वर्णमाला घोकण्यापासून सुरुवात करू नका. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत पहिली ते तिसरीसाठी नली-कली नावाची पद्धत आहे, ‘आनंदाने शिका’ असा त्या नावाचा अर्थ. म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात 1995 साली तिची सुरुवात झाली. तिच्यात कन्नड अक्षरे र, ग, स, द, अ अशा लहान गटाने सुरू होतात, आणि तेवढ्या पाच अक्षरांतच ‘अरस’ म्हणजे राजा, ‘सर’ म्हणजे माळ आणि आपली ती ‘गरगस’ असे शब्द तयार होतात. पाचच अक्षरे आली आणि मुलीला शब्द वाचता आला, तर ती सहावे अक्षर स्वतः मागते. घरी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे चौकोन कापून त्यांवर ही अक्षरे तिच्याच हाताने लिहून घ्या आणि ती तिने तुम्हाला शिकवावीत. तुम्हाला कन्नड वाचता येत नाही, ही या बाबतीत मोठी सोयीची गोष्ट आहे, कारण शिकवणारे मूल शिकणाऱ्यापेक्षा जास्त लक्ष देते. तुम्ही मुद्दाम चुका करण्याची गरज पडणार नाही, खऱ्या चुकाच होतील आणि त्या ती दुरुस्त करील.

दिरांच्या सूचनेविषयी. माध्यम निवडण्याचा हक्क तुमचा आहे, 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्याच एका प्रकरणात ते स्पष्ट केले आहे, तेव्हा कोणी जबरदस्ती करू शकत नाही. पण इंग्रजी माध्यमात घातल्याने दोन्ही कटकटी मिटतील हे खरे नाही. तिथेही कन्नड असणारच. सुटेल ते मराठी, म्हणजे घरात जिच्यासाठी मदत मिळते तीच एक भाषा, आणि तिच्या जागी जिच्यात घरी कोणी मदत करू शकत नाही ती भाषा सगळ्या विषयांची होईल. इंग्रजीचे स्पेलिंग आपल्या लिप्यांसारखे उच्चाराला धरून चालत नाही, त्यामुळे वाचनाची बैठक नसलेल्या मुलाला ते अधिक जड जाते. पुढे पाचवी-सहावीत इंग्रजीकडे जास्त लक्ष द्यायचे ठरवले तर जरूर द्या. केवळ दुसरीत अक्षरे मिसळली म्हणून शाळा बदलू नका.

एक काळजी मात्र घ्यायला हवी. फळ्यावरचे नीट दिसते का आणि मागच्या बाकावरून ऐकू येते का, हे सरकारी दवाखान्यात एकदा तपासून घ्या. वर्गातल्या किती मुलांचे अडखळणे चष्म्याने थांबलेले मी पाहिले आहे. त्यानंतरही, मे महिन्यापर्यंत रोज दहा मिनिटे वाचूनसुद्धा, काल पक्के झालेले मराठी अक्षर आज पार पुसले जात असेल, ‘पाणी, नाणी, गाणी’ यांतले यमक तिला ऐकू येत नसेल, टाळ्यांचा खेळ जमत नसेल, तर ती वेगळी अडचण असू शकते. वाचनाची जी जन्मजात अडचण असते ती दोन्ही लिप्यांत सारखीच दिसते आणि ती दोन भाषांमुळे होत नाही, त्यामुळे एक भाषा काढून घेतल्याने ती बरीही होत नाही. अशा वेळी बालरोगतज्ज्ञांकडून पुढची तपासणी करून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अडचणीचा समावेश आहे आणि अशा मुलांना शाळेत सवलती मिळतात. पण ज्या मुलीला ‘घर’मधला ‘र’ दोन्ही लिप्यांत आठवतो तिच्याबाबतीत ती शक्यता मला कमी वाटते.

एप्रिलची सुट्टी लागली की तिच्याकडून तो आठ ओळींचा मराठी उतारा वाचून घ्या, अव्वाच्या ओसरीवर ती कन्नडमध्ये किती बोलते ते पाहा आणि मला कळवा. कन्नड वाचनाचा पुढचा गट कोणता घ्यायचा ते मी तेव्हा लिहीन. वहीचे पान परत पाठवत आहे. त्यावर मी काही लिहिलेले नाही. ते मुलीच्या वहीत पुन्हा लावून ठेवा आणि त्याच्याखाली तिलाच ‘घर’ हा शब्द दोनदा लिहायला सांगा, एकदा पूर्ण मराठी अक्षरांत आणि एकदा पूर्ण कन्नड अक्षरांत.